हरिकेनची धास्ती: जून ते नोव्हेंबर डोकं ठिकाणावर ठेवायचं कसं

फ्लोरिडातल्या टॅम्पाला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली आणि त्यातली पहिली काही वर्षं मी ऑगस्ट-सप्टेंबर नुसती फोनकडे बघत काढलीयेत. हरिकेनचा, म्हणजे इथल्या चक्रीवादळांचा, सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे अर्धं वर्ष, आणि त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे नेमके आपले गणपती. इकडे मखर लावायचं, मोदकांची उकड काढायची आणि एक डोळा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून निघालेल्या ढगांवर. रात्री तीनला जाग आली की आधी फोन, मग ते रंगीबेरंगी नकाशे, मग झोप गेली ती गेलीच. नवीन आलेल्या मैत्रिणींशी बोलताना कळतं की बहुतेक सगळ्यांचं हेच होतंय, पण "एवढं काय घाबरायचं" असं कोणी म्हणेल म्हणून बोलत नाहीत.

हे त्यांच्यासाठी लिहितेय. फ्लोरिडाच्या गल्फ किनाऱ्याचं लिहितेय कारण मला तेच माहितीये, ह्यूस्टनवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली की जीव टांगणीला लागतो तो वादळापेक्षा "जायचं की राहायचं" या न घेतलेल्या निर्णयामुळे. तो निर्णय मे महिन्यात घेऊन टाका, लख्ख ऊन असताना, दुकानं भरलेली असताना. मग सप्टेंबरात फक्त कागद काढून वाचायचा.

पहिलं काम: तुमची भीती पाण्याची की वाऱ्याची

इथले जुने लोक म्हणतात पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. हे एक वाक्य नीट समजलं की निम्मा गोंधळ संपतो. तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) साइटवर पत्ता टाका आणि इव्हॅक्युएशन झोन बघा, ए पासून ई पर्यंत असतात, ए सगळ्यात आधी रिकामा करायला लावतात. काही घरं कुठल्याच झोनमध्ये नसतात. हा झोन आणि इन्शुरन्सवाल्यांचा फ्लड झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आमच्या ओळखीत कितीतरी जण "आम्ही एक्समध्ये (म्हणजे पुराचा धोका कमी असलेल्या फ्लड झोनमध्ये) आहोत, आम्हाला काही नाही" म्हणत बसले होते आणि राहत होते इव्हॅक्युएशनच्या बी झोनमध्ये. दोन्ही बघा आणि फ्रिजवर लिहून लावा.

दुसरं, घर कोणत्या सालचं आहे. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडाने बांधकामाचे नियम कडक केले आणि २००२ पासून सगळ्या राज्याला एकच कोड लागू झाला, त्यानंतरचं घर वाऱ्यासाठी बरंच मजबूत असतं. जुनं असेल तर छप्पर आणि गॅरेजचा दरवाजा एकदा जाणकाराला दाखवा, गॅरेजचा दरवाजा आत ढकलला गेला की वारा घरात शिरून छप्पर वर उचलतो. मोबाइल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या हलक्या घरात, असाल तर झोन बघायची गरजच नाही, घर सोडायची ऑर्डर आली की निघायचं.

आणि कॅटेगरी! ही १ ते ५ ची कॅटेगरी फक्त वाऱ्याच्या वेगाची आहे. समुद्र किती आत येणार, पाऊस किती पडणार हे त्यात अजिबात नसतं. २०२४ चं हेलीन आठवा, २६ सप्टेंबरला ते आमच्यापासून शंभरावर मैल लांबून, समुद्रातूनच उत्तरेला गेलं, इथे वारा तसा काही विशेष नव्हता, लोक निवांत जेवून झोपायला गेले आणि रात्री टॅम्पा बेचं पाणी तिथल्या मोजयंत्रांवरच्या आजवरच्या नोंदींपेक्षा वर चढलं. "वादळ आपल्याकडे येतच नाहीये" हे खरं होतं, तरी खालच्या भागात घराघरांत खारं पाणी होतं.

दुसरं काम: कागदावर तीन ओळी

आम्ही नवरा-बायकोने एका रविवारी चहा घेत बसून हे लिहिलं. कधी निघायचं, कुठे जायचं, कोण काय करायचं. बस एवढंच. पण "परिस्थिती बघून ठरवू" असं लिहायचं नाही, कारण परिस्थिती बघायच्या वेळी दोघांचंही डोकं चालत नाही आणि भांडणं होतात. आमच्या कागदावर असं आहे: आमच्या झोनला ऑर्डर आली की त्याच दिवशी, उजेड असताना निघायचं, चर्चा नाही. ऑर्डर नाही पण कॅटेगरी ३ किंवा वर आणि हरिकेन वॉर्निंग लागली तर मुलांना आणि सासूबाईंना घेऊन निघायचं. बाकी वेळी घरी.

वॉच आणि वॉर्निंग यातला फरकही सांगून ठेवते. वॉच म्हणजे जोराचे वारे सुरू व्हायच्या साधारण ४८ तास आधी दिलेली सूचना की शक्यता आहे, वॉर्निंग म्हणजे साधारण ३६ तास आधी की हे येतंय असं धरा. आपली तयारी वॉचलाच संपलेली हवी.

कुठे जायचं याचं उत्तर बहुतेकांना वाटतं अटलांटा. २०१७ च्या इर्माच्या वेळी फ्लोरिडात ६० लाखांहून जास्त लोकांना घर सोडायला सांगितलं होतं आणि उत्तरेला जाणाऱ्या आय-७५ हायवेवर गाड्या मुंगीच्या वेगाने चालल्या होत्या, पेट्रोल पंप कोरडे. २००५ च्या रीटाच्या वेळी टेक्ससमध्ये तर प्रत्यक्ष वादळापेक्षा त्या पळापळीत, उकाड्यात माणसं जास्त गेली. शेकडो मैल जायची गरजच नसते, पाण्याच्या झोनबाहेरचं, नव्या कोडचं पक्कं घर वीस-तीस मैलांवर मिळालं तरी पुरे. म्हणून मे महिन्यातच कोणाशी तरी बोलून ठेवा, "आम्ही चार जण येऊ, चालेल ना?" संकोच करू नका, उलट तेही तुमच्याकडे कधी येतील. आपल्या मराठी मंडळात हे नीट केलं तर फार सोपं आहे, आत राहणाऱ्या आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या कुटुंबांच्या जोड्या लावायच्या. आम्ही सहा कुटुंबांनी लावल्यात आणि नुसत्या त्या जाणिवेनेच मला जास्त झोप लागते.

पैसे आणि कागदपत्रं, यातली धास्ती खरी असते

होम इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं आणि सरकारी फ्लड इन्शुरन्स साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाला नाव मिळाल्यावर घेऊन काही उपयोग नाही. वादळ जवळ आलं की कंपन्या नवीन पॉलिसी देणंही थांबवतात. आणि हरिकेन डिडक्टिबल हा आकडा शोधा, तो बऱ्याचदा टक्क्यांत असतो. ४ लाख डॉलर्सच्या घरावर २ टक्के म्हणजे पहिले ८ हजार तुमचे. हा आकडा माहीत नसणं हे रात्री जागवणारं असतं, माहीत झाला की निदान त्यासाठी थोडे थोडे बाजूला टाकता येतात.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी जरा जास्त लिहिते कारण हे कोणी सांगत नाही. झिपच्या वॉटरप्रूफ पिशवीत सगळ्यांचे पासपोर्ट, आय-७९७ (मंजुरीचा सरकारी कागद), विद्यार्थी असाल तर आय-२० (कॉलेजने दिलेला फॉर्म), मुलांचे जन्मदाखले, ओसीआय, लग्नाचं सर्टिफिकेट. फोटो काढून क्लाउडवर आणि एक सेट भारतात भावाकडे किंवा बहिणीकडे. फेमा या सरकारी आपत्ती-मदत खात्याची घरासाठीची रोख मदत एच-१बी व्हिसावाल्यांना स्वतःच्या नावावर मिळत नाही, पण घरात अमेरिकन नागरिक असलेलं लहान मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो. तात्पुरता निवारा, पाणी, जेवण ही मदत मात्र व्हिसा न बघता सगळ्यांना असते. शेल्टरला जायला घाबरू नका.

एक संध्याकाळ घरातल्या प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, कपाटं उघडून, टीव्हीचा मागचा नंबर दिसेल असा. दहा मिनिटांचं काम आहे.

सामान

याच्या याद्या सगळीकडे मिळतात म्हणून सगळं लिहीत नाही. पाणी माणशी रोज एक गॅलन, निदान तीन दिवसांचं, आम्ही सात दिवसांचं ठेवतो. औषधं महत्त्वाची, फ्लोरिडात इमर्जन्सी जाहीर झाली की नेहमीचं औषध तारखेच्या आधी ३० दिवसांचं भरून मिळतं, फार्मसीत जाऊन मागा, बीपी-शुगर असलेले आईबाबा इथे आलेले असतील तर पहिल्या दिवशीच. सीझनभर गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. रोख पैसे थोडे, वीज नसली की कार्ड चालत नाही.

खाण्याचं आपल्याला सोपं आहे खरं तर. इथे बहुतेक घरी शेगडी विजेची, त्यामुळे कुकर निरुपयोगी होतो, पण ज्या घरात पातळ पोहे, मेतकूट, दाण्याचं कूट, भाजणी, सातूचं पीठ आहे त्या घराला कॅनमधले बीन्स कशाला हवेत? आदल्या दिवशी दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करून ठेवायच्या, चिवडा आणि लाडूंचा डबा. दडपे पोहे विस्तवाशिवाय होतात, नारळ घरात असला की झालं. मुलांना ओळखीचं खाणं मिळालं की ती निम्मी शांत होतात, मोठी माणसंही. बंद फ्रिज साधारण ४ तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, त्यामुळे सारखा उघडून बघायचा नाही.

जनरेटर घेणार असाल तर तो घरात नाही, गॅरेजमध्ये नाही, दार उघडं ठेवूनही नाही, घरापासून निदान २० फूट लांब. त्याच्या धुरात वास कळत नाही असा विषारी वायू असतो, दर मोठ्या वादळानंतर यात माणसं जातात, वादळातून वाचलेली माणसं, मला फार वाईट वाटतं त्याचं. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म लावाच.

बातम्यांचं वेळापत्रक (माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी ठरलेली गोष्ट)

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर पूर्ण अंदाज दिवसातून चार वेळा देतं, आपल्या उन्हाळी वेळेनुसार पहाटे ५, सकाळी ११, संध्याकाळी ५, रात्री ११. वॉच-वॉर्निंग लागली की मध्ये २ आणि ८ लाही छोटे अपडेट येतात. म्हणजे दुपारी साडेतीनला फोन उघडून नवीन काही कळणारच नसतं, कळतो तो फक्त कोणाचा तरी आरडाओरडा. मी ११ आणि ५ ला बघते. दहा मिनिटं. मग फोन खाली. वॉर्निंग लागल्यावर नवरा ८ चं बघतो आणि मला सांगण्यासारखं असलं तरच सांगतो. सरकारी आपत्कालीन अलर्ट मात्र फोनवर चालूच ठेवा, ते बंद करायचे नाहीत.

अंदाजाच्या नकाशावरचा तो पांढरा शंकू, इंग्रजीत ज्याला 'कोन' म्हणतात, तो वाचायला शिका. वादळाचं केंद्र त्या कोनात राहण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश असते, म्हणजे तीनातून एकदा ते बाहेरही जातं. आणि तो कोन वादळाचा आकार दाखवत नाही, कोनाबाहेर असलात म्हणजे सुटलात असं नाही, कोनात आहात म्हणजे संपलं असंही नाही. हेलीन हे पहिल्याचं उदाहरण. दुसऱ्याचं म्हणजे २०२२ चं इयन, टॅम्पावर येणार येणार म्हणता दक्षिणेला वळून २८ सप्टेंबरला फोर्ट मायर्सजवळ धडकलं आणि तिकडे समुद्राच्या पाण्याने हाहाकार केला. आम्ही वाचलो म्हणून सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच क्षणी तिकडच्या मैत्रिणीचा फोन लागेना, ती अपराधी भावना पण या सगळ्याचाच भाग आहे, ती येते, येऊ द्यावी.

व्हॉट्सॲपवर दहा-बारा दिवसांनंतरचं, हवामानाच्या एकाच कॉम्प्युटर मॉडेलचं चित्र फिरतं, टॅम्पावर लाल गोळा. ते पुढच्या सहा तासांत बदलतं. पाच दिवसांपलीकडचं नेमकं ठिकाण दाखवणारं काहीही बघायचं नाही आणि पुढे पाठवायचं नाही हा नियम आमच्या ग्रुपवर केलाय आणि कोणी पाठवलंच तर प्रेमाने डिलीट करायला सांगतो.

भारतातले आईबाबा

तिकडच्या चॅनेलवर "अमेरिकेत महावादळ" सुरू झालं की फोन चालू होतात आणि त्यांची धास्ती आपल्यावर येऊन पडते. माझी आई २०२४ च्या मिल्टन वादळाच्या वेळी, हेलीननंतर दोनच आठवड्यांनी, दोन दिवस नीट जेवली नाही हे मला नंतर बहिणीकडून कळलं. तेव्हापासून ठरवून टाकलंय. इथले सकाळचे ११ म्हणजे तिकडे रात्रीचे साडेआठ, इथले रात्रीचे ११ म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ, त्या दोन वेळांना आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज जातो. आम्ही कुठे आहोत, वारा-पाणी काय म्हणतंय, पुढचा मेसेज कधी. आणि आधीच सांगून ठेवायचं की आई, वादळ गेल्यावर एक-दोन दिवस नेटवर्क नसेल, मेसेज आला नाही याचा अर्थ टॉवर पडलाय. नकाशावर आपलं घर समुद्रापासून किती लांब ते त्यांना दाखवा, त्यांना आख्खा फ्लोरिडा पाण्याखाली दिसत असतो.

गणपती, नवरात्र आणि सीझन

२०१७ ची गणेश चतुर्थी २५ ऑगस्टला होती आणि त्याच रात्री हार्वी टेक्ससच्या किनाऱ्याला लागलं, पुढचे दिवस ह्यूस्टन पाण्यात. त्यामुळे हा विचार आधीच करून ठेवावा. मूर्ती लहान, शाडूची, हातात धरून गाडीत नेता येईल अशी. वादळ घोंगावत असेल तर दीड दिवसाचा गणपती करावा, घरी मोठ्यांना आधी विचारून ठेवलं की ऐनवेळी मनाला टोचत नाही. मंडळाचा हॉल बुक करताना वादळामुळे रद्द झालं तर पैशांचं काय ते करारात लिहून घ्या.

मिल्टन आलं तेव्हा आमच्याकडे घट बसलेले होते. निघायच्या दिवशी अखंड दिवा तेवत ठेवून घर सोडणं शक्यच नव्हतं आणि माझ्याच्याने तो शांत होईना, शेवटी सासूबाई पुढे झाल्या, हात जोडले, म्हणाल्या, "तिला कळतं गं, चल." टाक ओच्यात घेऊन त्या गाडीत बसल्या.

शेवटचे दोन दिवस

मिल्टन ६ ऑक्टोबरला कॅटेगरी १ होतं आणि ७ ला दुपारपर्यंत कॅटेगरी ५. एका दिवसात. हेलीनने भिजवलेले सोफे, गाद्या अजून रस्त्याकडेला ढीग घालून पडलेल्या आणि वर हे. अशा वेळी हात कामात असले पाहिजेत. अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या, तुळस आत. शटर किंवा प्लायवूड लावायचं. टब पाण्याने भरायचा, फ्लशला उपयोगी पडतं. फोन, पॉवरबँक चार्ज. कपडे धुऊन घ्या, हे कोणी सांगत नाही पण आठवडाभर वीज नसली की कळतं.

मुलांना काम द्या. आमचा धाकटा टॉर्चचा प्रमुख असतो, सगळ्या बॅटऱ्या तो तपासतो. आपलं एक खेळणं आणि एक पुस्तक स्वतःच्या पाठपिशवीत त्याने स्वतः भरायचं. "काही होणार नाही" असं सांगू नका, त्यांना खोटं लगेच कळतं. "खूप आवाज होईल, लाइट जाईल, आपण सगळे एकत्र असू आणि आपण जागा नीट निवडलीये" एवढं खरं आणि पुरेसं आहे. त्यांच्यासमोर टीव्ही चोवीस तास चालू नको.

छातीत धडधडायला लागलं तर श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायचा, मनात आत चार, बाहेर सहा-सात मोजत. पाठ असलेलं कुठलंही स्तोत्र सावकाश मोठ्याने म्हटलं तरी श्वास आपोआप असाच लांबतो, सासूबाई ते करतात आणि मुलंही त्यांच्या सुरात म्हणायला लागतात. चहा-कॉफी दुपारनंतर बंद.

ती रात्र

मिल्टन ९ ऑक्टोबरला रात्री साडेआठच्या सुमारास सिएस्टा कीला, आमच्या दक्षिणेला, लागलं. टॅम्पा बेमध्ये भीती होती ते पाणी आलं नाही, उलट वाऱ्याने ते बाहेर ओढून नेलं, पण सेंट पीटर्सबर्गला दीड फूट पाऊस पडला आणि वादळ लागलं त्याच्या उलट बाजूला, पूर्व किनाऱ्यावर, टॉर्नेडोंनी माणसं गेली.

जिथे असाल तिथे घराच्या मधली, बिनखिडकीची खोली निवडा, गाद्या टाका, सगळ्यांच्या पायात बूट, कारण काच फुटली तर अनवाणी हलता येत नाही. वाऱ्याचा आवाज तासन्‌तास चालतो, त्याने माणूस थकतो. कानात कापूस, पत्ते, अंताक्षरी, पालथं झोपलेलं पोर. वारा एकदम थांबला तर बाहेर धावू नका, केंद्र डोक्यावरून जात असेल तर उलट्या दिशेने वारा परत येतो. मेणबत्त्या लावू नका, टॉर्चच वापरा. आम्ही त्या रात्री दर तासाला एकमेकांना पाणी प्यायला लावत होतो, भीतीत माणूस पाणी प्यायचं विसरतो.

आणि मग नंतरचं

याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. सकाळी बाहेर आल्यावर साचलेल्या पाण्यात पाय घालू नका, त्यात वायर पडलेली असू शकते. फोटो काढल्याशिवाय काही फेकू नका. छपरावर स्वतः चढू नका. दारात येऊन "लगेच सही करा, छप्पर करून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका, लायसन्स नंबर मागा.

पण मनाचं काय. दोन-तीन आठवडे सगळे कामात असतात, मग एक दिवस साधा पाऊस पडतो आणि हातपाय गार पडतात. माझ्या मोठ्या मुलीने मिल्टननंतर दोन महिने, पाऊस लागला की बूट घालून झोपायचं धरलं होतं. आम्ही तिला रागावलो नाही, बूट घालू दिले, रोज पावसाच्या आधी एकदा आकाश आणि हवामानाचं ॲप तिच्यासोबत बघायचो, हा साधा पाऊस आहे हे ती स्वतः वाचायची. हळूहळू गेलं. पण झोप महिनाभर लागतच नसेल, चिडचिड, रडू, कामावर लक्ष नाही, दारू वाढलीये, किंवा जगण्यात काही अर्थ नाही असं मनात येत असेल तर डॉक्टरशी बोला. मन खचलेल्यांसाठीच्या हेल्पलाइनचा ९८८ हा नंबर कुठल्याही वेळी लागतो. आपत्तीनंतरच्या त्रासासाठी १-८००-९८५-५९९० ही वेगळी हेल्पलाइन आहे, फोन करता येतो, टेक्स्टही. मी फोन केलाय. पलीकडच्या बाईने मला आधी विचारलं की तुम्ही आज जेवलात का, आणि मी रडायला लागले, कारण दहा दिवसांत ते कोणीच विचारलं नव्हतं.

३० नोव्हेंबर झाला की आम्ही तो फ्रिजवरचा कागद काढतो, या वर्षी काय चुकलं ते मागच्या बाजूला लिहितो, पाण्याच्या बाटल्यांच्या तारखा बघतो आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवतो. गेल्या खेपेच्या कागदामागे नवऱ्याच्या अक्षरात लिहिलंय: सासूबाईंचे चष्म्याचे दुसरे जोड, कापूस, आणखी एक नारळ.